खर्ड्याला न जाणारी गाडी

अण्णा, जामखेडच्या पलीकडच्या चढावर माझी मालगाडी सकाळपासून अडकून पडली आहे, आणि रेल्वेत उभा जन्म काढलेला माणूस माझ्या नात्यात तुम्ही एकटेच, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. घाबरू नका. पन्नाशी उलटल्यावर तुमच्या मुलाला रेल्वेनं कामावर घेतलेलं नाही, तेवढी अवदसा तिला अजून आठवलेली नाही. गाडी खोटी आहे, चढही खोटा आहे, आणि नगरहून जामखेडमार्गे खर्ड्याला जाणारा माझा लोहमार्ग तर सगळ्यांत खोटा. संगणक नावाचं एक यंत्र निघालं आहे. काचेचं तोंड असलेली पेटी, पुढ्यात टंकलेखन यंत्रासारखी बटणं. तिच्यात एक खेळ आहे. डोंगर आपणच उभे करायचे, रूळ आपणच टाकायचे, स्टेशनं बांधायची, आणि मग आपणच ड्रायव्हर होऊन गाडी हाकायची. तुम्ही पगार घेऊन जे केलंत ते तुमचा मुलगा आता हौसेनं करतो. तुमची सून म्हणते ही हौस नाही, पळवाट आहे. तिचं म्हणणं पुढं येईलच, कुठल्याही विषयात ते येतंच.

पळवाट कशापासून, तेही सांगतो. आमच्या हायस्कुलात संस्कृत घेणारी मुलं वर्षानुवर्षं रोडावत गेली आणि यंदा तुकडीच भरली नाही. विषय बंद झाला, मास्तर उरला. अशा उरलेल्या मास्तरांना सरकार अतिरिक्त म्हणतं आणि जिल्ह्यात जिथं जागा रिकामी असेल तिथं धाडतं. मला खर्डा आलं आहे. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलं तर स्वेच्छानिवृत्ती आणि घरबसल्या शिकवण्या. हो म्हटलं तर तिकडं खोली घेऊन एकट्यानं राहायचं आणि शनिवारी एसटीनं नगरला यायचं, कारण तुमच्या सुनेची बालवाडी इथं आहे आणि ती तिला सोडणार नाही. त्यातून मला शुगर आहे. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा आजार प्रसादासारखा वाटला जातो, मलाही मिळाला. "खोलीवर राहून खाणार काय तुम्ही? विभक्ती?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, विचार करतो. "करा. पण घरात येरझाऱ्या घालू नका, फरशी आत्ताच पुसलीय."

संगणकाची गाठ पडली तीही या अतिरिक्तपणामुळंच. उरलेल्या मास्तरांनी काहीतरी नवं शिकून घ्यावं असं वरून आलं, म्हणून मी दिल्ली दरवाजाजवळच्या एका क्लासात नाव घातलं. तिथं माझ्या शेजारी बसणारी मुलं माझ्या विद्यार्थ्यांची मुलं शोभतील अशी. टंकलेखनाचा धडा संपला की ती हा रेल्वेचा खेळ लावायची. मी आधी नुसता बघायचो, मग सूचना द्यायला लागलो, आणि मग एक दिवस खुर्चीच बळकावली. शेवटी तुमच्या नातीनं तिच्या पुण्याच्या कंपनीतला एक जुना संगणक मला आणून दिला, बहुधा त्या मुलांवर दया येऊन. क्लास चालवणारा गृहस्थ हुशार आहे. परवा म्हणाला, "सर, खेळाचं पुस्तक इंग्रजीत आहे. पोरं सरळसोट रूळ टाकतात आणि कंटाळतात. नवशिक्यांसाठी मराठीत चार पानं लिहून द्या ना. पण सोपं लिहा हां, सर." मी पहिलं वाक्य लिहिलं: लोहमार्गाची आखणी करण्यापूर्वी भूपृष्ठाचे साकल्याने अवलोकन करावे. ते फोनवर नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, हे वाचून पोरं संन्यास घेतील." तेव्हापासून पाच-सहा वेळा सुरुवात केली, आणि दर वेळी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तुम्ही येऊन उभे राहता. मग म्हटलं, एकदा तुमच्याशीच बोलून घ्यावं.

नवशिक्यांना पहिल्यांदा काय सांगावं? बोगदे खणू नका, असं सांगावंसं वाटतं. आमच्या सपाट नगरच्या मुलांना बोगद्याचं फार वेड. एकानं तर डोंगर नसलेल्या जागी आधी डोंगर आणला, मग त्याला भोक पाडलं. त्याच्या मार्गावर एकही माणूस चढत नाही की उतरत नाही. मी विचारलं, "अरे, ही गाडी कशासाठी जाते?" म्हणाला, "बोगद्यासाठी, सर." आता याला मी, तुम्ही स्टेशनमास्तर होतात ते आपलं स्टेशन कसं दाखवू? काष्टीच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना ज्वारी, मधे दगडी खोली, पाण्याची टाकी, आपलं क्वार्टर आणि एक लिंब. बघायला काही नाही. पण सकाळच्या पॅसेंजरला दुधाच्या किटल्या चढायच्या, बाजाराच्या दिवशी शेळ्या चढायच्या, आणि कुणाची तरी लेक माहेराहून निघालेली असायची, तिचं रडं आवरेपर्यंत गार्ड शिट्टी तोंडाशी धरून उभा. आधी ती किटली ठरवावी, ती शेळी ठरवावी, मग रूळ टाकावेत. हे मी आता म्हणतो. माझा स्वतःचा पहिला मार्ग मात्र मी असा आखला की ऐकून तुम्ही हसाल, किंवा हसणार नाही, जेवता जेवता ताटावरून उठाल.

तुम्ही उठायचातच. आई भाकरी थापते आहे, तव्यावरची फुगली आहे, तुम्ही पहिला घास मोडता आणि ऑफिसातली घंटी वाजते. पुढच्या स्टेशनाला गाडी सोडायची आहे, तिथला स्टेशनमास्तर विचारतो आहे. तुम्ही हात न धुता पळता. एकेरी मार्ग. तुमच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघाल्याशिवाय आणि तो ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि समोरून दुसरी येत असली तर एकीला आपल्या बाजूच्या रुळावर घेऊन थांबवायचं. आई तुमचं ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "ह्यांच्या पोटात गाड्यांचं क्रॉसिंग होतं." त्या घरात वाढलेल्या मुलानं, अण्णा, नगरपासून खर्ड्यापर्यंत एकेरी रूळ टाकले, स्टेशनं बांधली, प्रत्येक स्टेशनाला क्वार्टर दिलं, क्वार्टरमागं लिंब लावला, लिंबाखाली बाजसुद्धा टाकली, आणि बाजूचा रूळ एकाही स्टेशनात दिला नाही. दोन गाड्या सोडल्या. त्या माळावर समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या, एकमेकींकडं बघत, भांडण झालेल्या जावांसारख्या. क्लासातली सगळी मुलं जमली. मी त्यांना सांगितलं की हे मुद्दाम दाखवण्यासाठी केलं होतं. थांबायला जागा नसेल तर गाडीला जाताही येत नाही, एवढं त्यातून त्यांना कळलं आणि माझी अब्रू वाचली.

तुमचा रूळ बदलणारा सांधेवाला चाचा तिथं असता तर ती वाचली नसती. तो मला कधी नावानं हाक मारायचा नाही, पंडित म्हणायचा. प्लॅटफॉर्मवर तुम्ही मला शब्दरूपं म्हणायला लावायचात, तुम्हाला स्वतःला शिकायला मिळालं नव्हतं म्हणून, आणि चाचा सांध्याला तेल घालता घालता ऐकायचा. "पंडित, ह्ये तुजं मंतर म्हटल्यावर इंजिनात वाफ हुती का रं?" मी म्हणायचो, नाही. "मंग कोळसाच बरा." तुम्ही त्याला दटावायचात आणि तोंड फिरवून हसायचात. मी पाठशाळेत पहिला आलो तेव्हा घड्याळ किंवा पेन मिळेल असं मला वाटलं होतं. तुम्ही गार्डाला सांगून मला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसवलंत आणि काष्टीला पाठवलंत, बाजार बघून परतीच्या पॅसेंजरनं ये म्हणून. त्या डब्यात मागं तोंड करून बसायचं असतं. पुढून काय येतंय ते दिसत नाही, मागं पडत चाललेलं तेवढं दिसतं. आधी तुम्ही हिरवा झेंडा गुंडाळताना दिसलात, मग क्वार्टर, मग नुसता लिंब. काष्टीच्या बाजारात मी काय पाहिलं ते आठवत नाही. नवशिक्यांना मी हे मात्र लिहिणार आहे: मार्ग पुरा झाला की एकदा शेवटच्या डब्यात बसून, मागं तोंड करून तो बघावा. पुढून बघताना सगळेच मार्ग खरे वाटतात. मागं पडताना जे आणखी थोडा वेळ दिसत राहावंसं वाटतं तेवढंच आपण खरं बांधलेलं असतं. हे वाक्य नातीला पसंत पडेल की नाही, शंका आहे.

आता जे विचारायचं ते विचारतो, नाहीतर मी असाच खेळाबद्दल लिहीत बसेन. दौंडच्या बदलीचं. तुम्हाला बढती आली होती, मोठं जंक्शन, मोठं क्वार्टर, नळ घरात. सकाळच्या गार्डानं हुकूम आणून दिला आणि चाचा म्हणाला, "साहेब, दौंडला गेल्यावर आमाला इसरू नका." तुम्ही हुकूम खिशात घातलात आणि सांधा बघायला गेलात. आईनं विचारलं तर म्हणालात, विचार करतो. मग तुम्ही प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागलात. गाड्या येत, जात, आणि मधल्या वेळात तुम्ही चालत. विचार करणं म्हणजे चालणं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. आईनं पितळी भांडी पोत्यांत बांधलीसुद्धा. आणि एक दिवस तुम्ही जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात म्हणालात, "दौंडला नकार कळवलाय." आई मग लागेल तसं एकेक भांडं सोडत गेली. एक पोतं कधी सोडलंच नाही, ते तुमच्या निवृत्तीनंतर तसंच नगरला आलं.

का नाही म्हणालात? चाचासाठी? लिंबासाठी? की मोठ्या स्टेशनात इतक्या गाड्या आपल्याला झेपणार नाहीत, अशी भीती वाटली? मी कधी विचारलं नाही, कारण आपल्या घरात असं विचारायची रीत नव्हती. आणि दुसऱ्यानं असा वेळ घेतलेला तुम्हाला खपायचा नाही. एम. ए. झाल्यावर मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, मी दोघांनाही कळवतो म्हणून ठेवलं आणि तुमच्याकडं येऊन पडून राहिलो. तुम्ही दोन-चार दिवस पाहिलंत आणि म्हणालात, "गाडी घ्यायची नसेल तर मागच्या स्टेशनातच थांबवावी. स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला आणून उभी करू नये. आत बसलेल्यांना ना धड उतरता येतं, ना पोचता येतं." मी दुसऱ्याच दिवशी नगरला होकार कळवला. ते ऐकून घेताना माझ्या मनात दौंड होतं, पण तुमच्यापुढं बोलायची माझी छाती नव्हती. आज आहे, कारण आज तुम्ही उत्तर देऊ शकत नाही.

मंगळवारी मी खर्ड्याला जाऊन आलो. घरी सांगितलं की मार्गाची पाहणी करायला जातो, खेळासाठी. तुमची सून म्हणाली, "खोट्या गाडीसाठी खऱ्या एसटीचं तिकीट काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतेय." माळीवाड्याहून बस धरली. मांडीवर हातानं काढलेला नकाशा, खिडकीतून चढ-उतार बघतो आहे, खुणा करतो आहे. जामखेड मागं पडल्यावर शेजारचे पटकेवाले आजोबा म्हणाले, "काय मोजायलेत सायब?" मी म्हटलं, "इथून गाडी चढेल का ते बघतोय." ते म्हणाले, "गाडी म्हंजी रेल्वे का?" मी खरं बोलायची सवय असलेला माणूस, हो म्हणालो.

बस जागी झाली. "सर्वेवाले सायब हायेत. लाईन येऊलालीय," असं आजोबांनी मागं वळून जाहीर केलं. टोपली घेऊन बसलेली एक बाई उठून आली. "येऊ द्या की. पर माज्या हिरीवरनं नगं हां सायब. लई खोल गेल्यावर पानी लागलंय." मागून एकजण म्हणाला, "तिच्या हिरीवरनं न्हाई, तर माज्या वावरातनं न्या. तिथं दुसरं काय उगवतच न्हाई, रूळ तरी उगवतील." कंडक्टर तिकिटं सोडून वाकला. "स्टेशन किल्ल्यापाशी करू नका. किल्ला बघाया कोन येतं? बाजारापाशी करा." "बाजारापाशी केल्यावर बैलं बुजतील की." "बैलं न्हाई बुजत. तू बुजतूस." मी दोन-तीनदा सांगितलं की मी रेल्वेचा नाही, मी संस्कृत शिकवतो. आजोबांनी डोळा बारीक करून सगळ्यांना समजावलं, "सांगायचं नसतंय त्येंना. वरचा हुकूम असतो." मग कुणी मला काही विचारेना. ते आपापसांतच ठरवायला लागले. कुठं पूल लागेल, कुठल्या ओढ्याला पूर येतो, कुणाची भावकी जमीन देणार नाही आणि का देणार नाही. कुठं वळायचं ते सगळ्यांना पाठ होतं, अण्णा. त्या बसमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक लोहमार्ग तयार होता, कित्येक वर्षांपासून, संगणकाशिवाय. माझा त्या मानानं पोरकट. मी सरळ त्या बाईच्या विहिरीवरून गेलो होतो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं, विहिरीला वळसा घातला. त्यानं मार्ग डोंगराकडं सरकला, चढ वाढला, आणि म्हणून आज सकाळी मालगाडी अडकली. नवशिक्यांना काय लिहू? विहिरीवरून न्या, म्हणजे गाडी सुरळीत जाईल, असं लिहू? चढाच्या पायथ्याशी दुसरं इंजिन उभं ठेवावं लागेल, मागून रेटायला. ते जुळेपर्यंत मी दहादा खुर्चीवरून उठतो, खिडकीशी जातो, परत बसतो. फरशीवर माझ्या पावलांची वाट उमटली आहे आणि ती बघितली गेली आहे, हे मला ठाऊक आहे.

खर्ड्यात उतरल्यावर आजोबा मला सोडायला शाळेपर्यंत आले. परीक्षा झालेल्या, निकाल लागायचे, मुख्याध्यापकबाई एकट्याच गुणपत्रकं लिहीत होत्या. "बाई, रेल्वेचे सायब आलेत," आजोबा म्हणाले. मी म्हटलं, "नाही हो बाई, संस्कृतचा. तुमच्याकडं माझी नेमणूक झालीय." आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी लाईन न्हाईच?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पटका सारखा केला, मग म्हणाले, "बरं. मास्तर तर आला," आणि चहा सांगायला गेले. बाई म्हणाल्या, "संस्कृत हितं कुनी घेत न्हाई, सर. मराठी देते, इतिहास देते. पन तुमचा तो संगणकाचा कोर्स झालाय म्हनं?" त्यांनी एक खोली उघडली. टेबलावर चादर, चादरीखाली संगणक. काचेवर हळदकुंकू, वर वाळलेला हार. "देणगीत आला. पूजा केली, आन् मग चालू करायचं कुनाला धाडसच झालं न्हाई. बिघडला तर काय घ्या." मी हार काढला, काच पुसली, बटण दाबलं. वीज होती. तो गुरगुरत चालू झाला आणि बाई नकळत खुर्चीवर सावरून बसल्या, कुणी मोठं माणूस आत आल्यासारख्या. "यात काय काय करता येतं, सर?" त्या क्षणी मला एकच गोष्ट आठवली. मी सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग आपल्या पोरांना खर्ड्याचं स्टेशन काढता येईल? बाजारापाशी?"

मी हो म्हणालो, अण्णा. स्टेशनाला आणि नोकरीला, एका दमात. जूनमध्ये येतो असं सांगून आलो, आणि परतीच्या बसमध्ये मला अशी झोप लागली की नगर आल्याचं कंडक्टरनं सांगितलं. सोमवारची मुदत आहे हे खोटं नाही, फक्त माझ्यापुरती ती मंगळवारीच संपली. घरी मात्र अजून विचार करतोच आहे. आता मला वाटतं, दौंडचंही तसंच असेल. तुम्ही त्या प्लॅटफॉर्मवर ठरवत नव्हतातच. ठरवून झालं होतं, आईला सांगायचं राहिलं होतं. असं असेल तर मला तुमचा राग येत नाही, उलट थोडी सोबत वाटते. पण मी चूक असेन, आणि हे पत्र घेऊन जाणारी गाडी कुठल्याच फलाटाला लागत नाही, तेव्हा ते आहे तिथंच राहील.

तुमची सून बालवाडीतून आली आहे. मोरीत पाण्याचा आवाज येतो आहे, म्हणजे हातपाय धुऊन ती आता चहा टाकील. चहा झाला की सांगतो. खरं म्हणजे चहाच्या आधी सांगायला हवं, कारण नंतर सांगितलं की ती पहिल्यांदा हेच विचारणार की आधी का नाही सांगितलं. तिनं आत्ताच बाहेरून विचारलं, कुणाला लिहिताय. मी म्हटलं, क्लासातल्या मुलांसाठी. मला भीती वाटते, अण्णा. खर्ड्याची नाही.